वरच्या फळीवरचा कोट

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धंच खाली ओढलेलं दिसलं की सगळ्या रस्त्याला कळायचं, उद्यापासून सेल. आतल्यांना बाहेरचे नुसते पाय दिसायचे, बाहेरच्यांना आतलं काहीच दिसायचं नाही, आणि ही व्यवस्था सगळ्यांनाच सोयीची होती.

आत कापड बेतायच्या लांब टेबलाभोवती घर जमलं होतं. थोरला मध्यभागी, कारण तो नेहमीच मध्यभागी. त्याच्या उजव्या हाताला त्याची बायको. तिला धाकटा वहिनी म्हणायचा, म्हणून हळूहळू कंपन्यांचे एजंटसुद्धा वहिनीच म्हणायला लागले होते. समोर मधली, हातात लाल पेन आणि स्टीलची पट्टी. धाकटा उभा, कारण बसला की त्याला झोप लागते. आणि गल्ल्यामागच्या खुर्चीत मालक. मालक म्हणजे या तिघांचे वडील. दुकान थोरल्याच्या नावावर करून त्यांना सहा वर्षं झाली होती, पण मुलांनी कधी चुकून ‘बाबा’ म्हटलंच तर दोन्हीकडचे अवघडायचे.

कामं ठरलेली होती. धाकटा कोट टेबलावर आणायचा. मधली टॅगवरच्या किमतीवर पट्टी ठेवून एक लाल रेघ मारायची, वरून खाली, तिरकी. थोरला नवा आकडा सांगायचा आणि वहिनी तो रेघेखाली लिहायची. तिचं अक्षर इतकं छापील होतं की गिऱ्हाइकांना वाटायचं दुकानात मशीन आहे.

रेघेवरचा आकडा कुठून यायचा, ते घरातच राहायचं. सेलच्या आधी आठ आठवडे काही माल वरच्या फळीवर जायचा. त्याचा जुना टॅग काढून जास्त किमतीचा टॅग लावायचा आणि माल तिथे वर, शिडीशिवाय हात पोचणार नाही असा, पडून राहू द्यायचा. मालकांनी याला नाव दिलं होतं, भिजत घालणं. रात्रभर भिजलेले हरभरे जसे फुगतात तशी आठ आठवड्यांत किंमत फुगते, मग लाल रेघ मारून ती खाली आणली की सगळे खूश. काढलेला जुना टॅग मात्र फेकायचा नाही. गल्ल्यामागे एक तार टांगलेली होती, तिच्यात तो ओवायचा. उद्या कुणी विचारलं तर दुकानाला आपली खरी किंमत माहीत असावी, असं मालकांचं म्हणणं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं, चाळीस वर्षांत एकदाही नाही.

"करडा, मध्यम माप," धाकट्याने कोट टाकला.

मधलीची रेघ. "सोळाशे," थोरला म्हणाला. वहिनीने लिहिलं.

"तपकिरी, मोठं."

रेघ. "सोळाशे."

"हिरवा, मध्यम. हा एकच आहे."

मधलीने पट्टी ठेवली आणि हात तसाच राहिला.

बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा, खोल खिशांचा कोट. टॅगवर वहिनीच्या अक्षरात चोवीसशे.

"हा कुणी खाली काढला?" मधलीने विचारलं.

"मीच. वरच्या फळीवरून. का गं ताई?"

"याच्यावर कागद गुंडाळलेला होता."

"होता की. फाडून टाकला. भिजत घालताना कागद कशाला, हवा नको का लागायला?" धाकट्याने स्वतःच्या विनोदावर मान हलवली. बाकी कुणी हलवली नाही.

"तो भिजत घालायचा नव्हता," मधली म्हणाली. "तो मी लपवून ठेवला होता."

"कुठे?"

"वरच्या फळीवर."

धाकट्याला हसू आवरेना. माल भिजत घालायच्या फळीवर एखाद्याने माल लपवून ठेवावा, हे फक्त आपल्याच घरात होऊ शकतं, असं त्याला वाटलं आणि ते बरोबरच होतं. कुठल्याही दुसऱ्या दुकानात वरची फळी ही नुसती वरची फळी असते.

"कुणासाठी लपवलास?" थोरल्याने विचारलं. त्याने हातातली यादी खाली ठेवली नव्हती.

"सिस्टरसाठी."

सिस्टर म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलातल्या नर्सबाई. मधलीचं पित्ताशय काढलं तेव्हा पाच दिवस त्यांनीच तिला उठवलं, बसवलं, चालवलं. मधली हॉस्पिटलात कुणाशी बोलत नव्हती, तर यांनी तिच्याकडून चादरीच्या कापडाचा भाव काढून घेतला आणि मग ती बोलायचं थांबेना. थंडी सुरू झाली त्या आठवड्यात नर्सबाई दुकानात आल्या. हा हिरवा कोट त्यांनी अंगाला लावून बघितला, खिशांत हात घातले, आणि काढताना हात जरा उशिराच बाहेर आले. सकाळची ड्यूटी असली की बसस्टॉपवर बोटं गारठतात, त्या म्हणाल्या. तेव्हा टाके ताजे असलेली मधली गल्ल्यावरून पुढे वाकून म्हणाली होती, आत्ता घेऊ नका, दहा आठवडे थांबा, सेलमध्ये पुष्कळ स्वस्तात देते. मी ठेवते बाजूला.

आणि तिने ठेवला होता. टोकाला हूक असलेल्या काठीने, शिडी न चढता, कागदात गुंडाळून. मग डॉक्टरांनी सांगितलेली दोन आठवड्यांची विश्रांती घ्यायला ती घरी गेली आणि त्या दोन आठवड्यांत वरची फळी भिजली.

"तेव्हा किती होता हा?" वहिनीने विचारलं.

"साडेसतराशे."

"आणि आता कितीला काढतोय?"

थोरल्याने यादी बघितली. बघायची गरज नव्हती. "अठराशे."

मधलीने लाल पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे दहा आठवडे थांबून पन्नास जास्त."

"चोवीसशेवरून अठराशे," थोरला म्हणाला. "सहाशेची सूट आहे ती."

"दादा, मला सांगतोस?"

थोरल्याला राग आला नव्हता. राग यायला समोरच्याचं म्हणणं नवीन लागतं. तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच एकदा हा सगळा खटाटोप बंद करून बघितला होता. भिजवणं नाही, रेघ नाही, थेट कमीत कमी किंमत लिहिलेली. माणसं यायची, कोट हातात घ्यायची आणि विचारायची, सेलमध्ये कितीला मिळेल? तो सांगायचा, हीच सेलची किंमत. मग ती टॅग उलटा करून मागे बघायची, आणि मागे काही नसलं की कोट परत हँगरवर. त्या वर्षी गोदामात दीडशे कोट उन्हाळाभर लटकले. कोपऱ्यावरच्या नव्या मोठ्या दुकानात मात्र बारा महिने लाल पाट्या आणि बारा महिने गर्दी. लोकांना स्वस्त नको असतं, त्यांना रेघ हवी असते, एवढं तो त्या उन्हाळ्यात शिकला आणि पुन्हा कधी विसरला नाही.

"खोटी किंमत नव्हती ती," तो म्हणाला. "आठ आठवडे टॅग लावलेला होता. याच मापाचे, काळ्या रंगातले दोन चोवीसशेला गेले पण. विचार याला."

"गेले," धाकटा म्हणाला. "एक तर काही न बोलता घेऊन गेला. मलाच लाज वाटली."

"तुला? लाज?" वहिनी म्हणाली.

"थोडीशी. पाचेक मिनिटं."

"मग झालं," थोरला म्हणाला. "माणूस जी देतो ती किंमत. दुसरी कसली किंमत असते?"

एकोणीस वर्षं मधली रेघा मारत होती. दरवर्षी शे-दीडशे, एका तिरक्या दिशेने, पट्टी ठेवून. रेघेवरचा आकडा कुठून आलाय हे तिला माहीत होतं, जसं पाणी नळात कुठून येतं हे माहीत असतं. तिने आत्तापर्यंत कुठल्याच कोटाखाली कुणाचा चेहरा बघितला नव्हता. हा पहिला.

"त्या पाचला येतायत," ती म्हणाली. "मीच बोलावलंय. गर्दीच्या आधी, घरच्यासारखं."

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते.

"मग त्यांना चौदाशेला देऊन टाक," धाकटा म्हणाला. चूक त्याच्या हातून झाली होती आणि ती लवकर मिटावी असं त्याला वाटत होतं. "एक कोट. दादा, एका कोटाने काय होतंय?"

"हॉस्पिटलात बायका किती?" थोरल्याने विचारलं.

"कोणत्या?"

"नर्सबायका. सगळ्या पाळ्या धरून."

"असतील साठ-सत्तर."

"हिरवा चौदाशे, करडा सोळाशे, हे त्यांना कळायला किती वेळ लागेल?"

धाकट्याने हिशेब केला आणि बाजू बदलली. त्याला बाजू बदलायला कधीच वेळ लागत नसे, म्हणून घरातले त्याच्यावर सगळ्यात कमी चिडायचे. "ताई, तसं बघितलं तर सहाशेची सूट म्हणजे काही कमी नाही," तो म्हणाला.

"तुला लाज किती वेळ वाटते ते आत्ताच सांगितलंस," मधली म्हणाली. "पाच मिनिटं झालीत."

वहिनीला हसू आलं. तिने ते कोटाच्या बाहीत सोडलं, वरचा दोरा दातांनी तोडल्यासारखं करून. ती नवऱ्याच्या शेजारी बसली होती आणि बावीस वर्षं नवऱ्याच्याच बाजूला होती, पण त्यात तिने कधी फारसा विचार घातला नव्हता. थोरला आकडा सांगायचा, ती लिहायची. लिहिताना मात्र तिला एक गोष्ट दिसायची, जी आकडा सांगणाऱ्याला दिसत नाही. सेलमध्ये खरंच स्वस्त असा माल असतो. तो वरच्या फळीवरून येत नाही. तो रॅकच्या दोन टोकांना असतो, अगदी लहान मापं आणि अगदी मोठी मापं, जी वर्षभर कुणाला बसली नाहीत. त्यांना भिजत घालत नाहीत, कारण त्यांच्यावर जागा वाया जाते. त्यांची किंमत थोरला खरेदीच्याही खाली आणतो आणि सांगताना तोंड वाकडं करतो. जी किंमत सांगताना नवऱ्याचं तोंड वाकडं होतं ती खरी सूट, हे वहिनीला कधीच पाठ झालं होतं. हे तिने माहेरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिच्या माहेरचे सगळेच बारीक.

"मालक, तुम्ही सांगा काहीतरी," धाकटा म्हणाला.

मालकांनी डोळे उघडले. "दुकानात शब्द कुणी दिला?"

"मी," मधली म्हणाली.

"मग तो दुकानाचा नव्हे. तुझा."

याचा अर्थ काय घ्यायचा ते कुणालाच कळलं नाही. थोरल्याला वाटलं, आपल्या बाजूने बोलले. मधलीला वाटलं, नाही, आपल्या. मालकांनी परत डोळे मिटले.

"अठराशे लिही," थोरला बायकोला म्हणाला.

मधलीने पट्टी परत टॅगवर ठेवली. मग टोपण काढलं आणि रेघ मारली. नेहमीसारखी, तिरकी, सरळ. वहिनीने खाली अठराशे लिहिलं. धाकट्याने दोरा ओवून गाठ मारली, जरा जास्तच घट्ट.

पाचला चार मिनिटं असताना शटरखाली पांढरे बूट येऊन थांबले.

"या सिस्टर, वाकून या," धाकटा म्हणाला.

नर्सबाई वाकून आत आल्या. अंगात दोन स्वेटर, एकावर एक, आतला निळा बाहीतून डोकावत होता. त्यांनी आधी मधलीकडे बघितलं. "पोट कसंय? जड काही उचलत नाही ना?"

"नाही."

"खोटं बोलताय. चेहरा ओढलाय." मग त्यांनी टेबलावरचा कोट बघितला आणि बाकीचं सगळं बोलायचं विसरल्या. वरचा स्वेटर काढून त्यांनी कोट अंगात घातला. खिशांत हात घातले. आरशासमोर एकदा पाठमोऱ्या, एकदा समोरून. "आमच्या वॉर्डात रोज चेष्टा होते माझी," त्या आरशातच बघत म्हणाल्या. "थंडी संपत आली आणि या अजून स्वेटरांचा कांदा सोलतायत. म्हटलं हसा. मी थांबणार. बोटं सुजली एकदा, तर मोज्यांत हात घालून बसस्टॉपवर उभी राहिले."

मग त्यांनी टॅग हातात घेतला.

टेबलाशी असलेल्या चौघांनी एकाच वेळी चार वेगवेगळ्या गोष्टींकडे बघितलं.

"अगंबाई, चोवीसशेचा होता हा?" नर्सबाई म्हणाल्या. "मला वाटत होतं दोन हजारांच्या आतलाच असेल. म्हणजे सहाशे सुटले की." त्यांनी मधलीचा हात धरला. "तुम्ही सांगितलं नसतं तर मी तेव्हाच घेऊन बसले असते."

धाकट्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं सगळ्यांना दिसलं. थोरला पावतीपुस्तक पुढे ओढत होता. प्रश्न संपला होता. नर्सबाई खूश होत्या, दुकान खूश होतं, आणि मधलीला काही म्हणजे काही करायचं नव्हतं, नुसतं पुस्तकात अठराशे लिहायचं होतं.

मधली उठली. गल्ल्यामागे गेली, मालकांच्या डोक्यावरची तार काढली आणि टॅग एकेक करून मागे सरकवायला लागली.

"ताई," थोरला हसऱ्या आवाजात म्हणाला. धाकट्याचं ऐकून तोही तिला ताईच म्हणायचा. गिऱ्हाइकासमोर आवाज चढवायचा नाही हा दुकानाचा नियम होता, म्हणून या घरातली सगळ्यात वाईट भांडणं हसऱ्या आवाजात व्हायची. "ताई, सिस्टरना उशीर होत असेल."

"हो ना," मधलीही हसऱ्या आवाजात म्हणाली. "आधीच दहा आठवडे झालेत."

तिला टॅग सापडला. तिने तो आणून कोटावरच्या टॅगशेजारी धरला. तेच छापील अक्षर, साडेसतराशे. रेघ नाही.

"हा याच कोटाचा," ती म्हणाली. "तुम्ही आलात तेव्हा हा होता. नंतर आम्ही वाढवला, सेलमध्ये कमी करता यावा म्हणून. मी बाजूला ठेवला होता, पण चुकीच्या ठिकाणी."

नर्सबाईंनी दोन्ही टॅग बघितले. औषधाच्या बाटलीवरचा डोस वाचावा तसे, दोनदा.

"म्हणजे तेव्हा घेतला असता तर पन्नास कमी पडले असते."

"हो."

"आणि अंगावर असता."

मालकांनी डोळे उघडले होते, पण ते छताकडे बघत होते.

"चौदाशे द्या," मधली म्हणाली. ती भावाकडे न बघता पुस्तकात लिहीत होती. "मी म्हटलं होतं पुष्कळ स्वस्तात. चौदाशे म्हणजे खरंच स्वस्त आहे, याच्या खाली आम्हाला परवडत नाही. हे मी आता खरं सांगतेय, पण तुम्हाला ते तसं वाटलं नाही तरी चालेल."

नर्सबाईंनी पैसे काढले. लगेच दिले नाहीत. त्या टेबलावरच्या ढिगाकडे बघत होत्या, करडे, तपकिरी, काळे, प्रत्येकाच्या बाहीला एक लाल रेघ.

"उद्या आमच्यातल्या दहा-बारा जणी येणार आहेत," त्या म्हणाल्या. त्या कुणावर चिडल्या नव्हत्या. रोज माणसांना वाईट बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज होता तो. "मीच सांगून ठेवलंय सगळ्यांना. ड्यूटी बदलून घेतलीय दोघींनी. आता त्यांना काय सांगू?"

प्रश्न थोरल्याला होता. थोरल्याने तोंड उघडलं. त्याच्याकडे या प्रश्नाची तीन-चार उत्तरं तयार होती, आणि ती सगळी याआधी चाललेली होती.

"लहान मापं घ्या म्हणावं," वहिनी म्हणाली.

थोरला तिच्याकडे वळला.

"अगदी लहान आणि अगदी मोठी," वहिनी म्हणाली. ती टॅगची गड्डी सारखी करत होती, कडा टेबलावर आपटून. "रॅकच्या दोन टोकांना असतात. ती खरंच पडून राहिलेली आहेत, तेवढ्यांवर खरी सूट आहे. मधल्या मापांना ही नेहमीचीच किंमत समजायची. हवा असेल तर घ्या, पण सेल आहे म्हणून घाई करायची नाही."

"आमच्यात बारीक तिघीच आहेत," नर्सबाई म्हणाल्या.

"मग तिघींना सांगा."

नर्सबाईंनी चौदाशे मोजून दिले. कोट अंगातून काढला नाही, स्वेटर पिशवीत कोंबला. जाताना मधलीला म्हणाल्या, "शुक्रवारी येऊन पोट दाखवून जा." माफ केलं की नाही ते मात्र सांगितलं नाही. मग शटरखाली पांढरे बूट दिसले, आणि दिसेनासे झाले.

आता हसऱ्या आवाजाची गरज उरली नव्हती, तरी थोरल्याचा आवाज चढला नाही.

"तिचं मी समजू शकतो," तो बायकोला म्हणाला. "तिने शब्द दिला होता. तुला काय झालं?"

"अक्षर माझं आहे," वहिनी म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन्ही टॅगांवर. बघितलं ना त्यांनी, कसं वाचत होत्या. तुमचा आकडा कुणाला दिसत नाही हो. अक्षर दिसतं."

धाकट्याला या वेळी कोणत्या बाजूला जावं ते सुचलं नाही. तो शिडीला टेकून उभा राहिला. थोरला ढिगाकडे बघत होता. वहिनीला वाटलं, तो आता उठून घरी जाईल. मधलीला वाटलं, तो गल्ल्याची किल्ली मागेल, आणि तिने ती खिशातून काढूनही ठेवली. पण थोरला दुकानदार होता, आधीपासून आणि आतपर्यंत.

"लहान मापं किती उरलीत?" त्याने विचारलं.

"बारा," धाकटा म्हणाला. "आणि मोठी आठ."

"पुढे लाव. दाराशी. येतीलच त्या."

"आणि बाकीची?"

थोरल्याने यादीची घडी घातली, उघडली, परत घातली. "बाकीची राहू देत जिथे आहेत तिथे," तो म्हणाला. किमतीबद्दल काहीच बोलला नाही. वरच्या फळीवर रेघ न मारलेले अजून साठेक कोट होते. मधली परत आपल्या जागी बसली, पण पेनाचं टोपण तिने काढलं नाही, आणि काढ असं तिला कुणी सांगितलंही नाही.

हिरव्या कोटाचा रेघ मारलेला टॅग टेबलावरच राहिला होता. मधलीने दोरा कापून तो ठेवून घेतला होता. धाकट्याने तो उचलून कचऱ्याच्या डब्यावर धरला.

"फेकू नको," मालक म्हणाले.

मग वहिनीनेच दोन्ही टॅग घेतले, तार सरळ केली आणि एकामागून एक ओवले. साडेसतराशे, त्याला चिकटून चोवीसशे.